वरचं लिंबू

माझ्या रजिस्टरात एक रकाना आहे, 'मातेचे नाव'. त्यात मी माझ्या हातानं, निळ्या पेननं, ठळक अक्षरात लिहून ठेवलं आहे: शालिकराम नत्थुजी खेरडे, वय बासष्ट. सुपरवायझर म्याडमनं ते पाह्यलं आन् चष्मा कपाळावर चढवला. "साधनाबाई, हे काय होय? माता शालिकराम?" मी म्हटलं, म्याडम, तुमच्या कागदात आजोबाचा रकानाच नाई, मंग त्याईले काय हवेत लिहू? बावीस वर्षं झाली मले अंगणवाडी चालवता चालवता. लेकराईचं वजन करा, खिचडी पाहा, फोनात माहिती भरा, आन् वरून बोलणी खा. आता मी कोणाचंच ऐकून घेत नाई.

आमचा माळीपुरा बडनेऱ्याच्या पुढं चार किलोमीटरवर आहे. घराघरात मेथी, पालक, लिंबं, झेंडू आन् सांबार. पुण्याच्या लोकाईनं भलतंच समजू नये, सांबार म्हंजे आमची कोथिंबीर. पहाटे तोडणी, सकाळी बाजार. अशा वस्तीत वरून आदेश आला, का पहिलीत जाणाऱ्या लेकराईच्या आयांचा गट करा. दर हप्त्याले फोनवर एक व्हिडिओ येईन, तो पाहून आयांनी घरच्या घरी लेकराईले शाळेसाठी तयार करावं. चांगली गोष्ट आहे, मी वाईट म्हणत नाई. पण मेथीच्या जुड्या बांधता बांधता फोन कोणत्या हातानं धरावा, हे काही त्या आदेशात लिहिलं नव्हतं.

पहिल्या मीटिंगले दहा बाया आल्या आन् अकरावे शालिकभाऊ. पाच वर्षाची नात, रागिणी, बोटाले धरून. पोरगा शुभम रेल्वेत ठेकेदाराच्या हाताखाली, सून प्रतीक्षा अमरावतीले साड्याच्या दुकानात. "घरात रिकामा मीच आहो," म्हणाले आन् सतरंजीच्या कोपऱ्यात मांडी घालून बसले. मी म्हटलं, गटाची एक प्रमुख माता निवडा. झालं! बाया एकमेकीले कोपरानं ढोसू लागल्या. "मी नाई व माय, मले वाचता येत नाई." "मले कुठी वेळ आहे?" "माह्या घरचे वरडतात." अर्धा घंटा हेच. शेवटी पंचफुला उठली. हिच्या तोंडाले पुऱ्यात कोणी लागत नाई, आन् हिचा पोरगा गोलू त्या अकरा लेकराईत सगळ्यात आगाऊ.

"शालिकमामाले करा ना प्रमुख माता!" पंचफुला म्हणे. "चौथी पास आहे, घरी बसून आहे, आन् आवाज असा का बडनेऱ्याच्या गाडीतला माणूस खाली उतरन."

बाया हसून हसून लोळल्या. शालिकभाऊ उठले, टोपी सरळ केली आन् म्हणाले, "तुमी जबाबदारी देऊन राहिले तं मी नाई म्हणत नाई." मले वाटलं, मस्करी होय. पण ते मस्करी करून राहिले नव्हते.

या माणसानं तीस वर्षं भाजीबाजारात हर्रास, म्हंजे लिलाव, बोलला आहे. मेथीचा ढीग असो, लिंबाचं पोतं असो, शालिकभाऊ ओट्यावर उभे राहिले का दोन गल्ल्या पल्याडचं गिऱ्हाईक वळून पाहे. गुडघे गेले म्हणून घरी बसले, पण आवाज काही बसला नाई. दुसऱ्या दिवशी आठ वाजता त्याईच्या मागच्या पडवीतून आवाज आला, "चला हो चला! या हप्त्याचं काम ऐका! घरचे कपडे पोट्ट्याईकडून घडी करून घ्या! मोठे अलग, लहान अलग! ज्याचं झालं त्यानं हात वर करा!" तिकडे बाया वाफ्यात बसल्या बसल्या ऐकत. व्हिडिओ पाहाची गरजच उरली नाई.

तेव्हापासून रोज आठ ते नऊ अकरा पोट्टे त्याईच्या पडवीत. मी एक दिवस पाहाले गेली तं भिंतीवर दोरी ताणलेली, आन् दोरीले बियाण्याच्या रिकाम्या पुड्या लटकवलेल्या. भ भेंडीचा, क कारल्याचा, ग गवारीचा, द दोडक्याचा. मी म्हटलं, शालिकभाऊ, 'ज्ञ' कुठी आहे?

"बंद्या साऱ्या पुड्या शोधल्या बाई, कोणत्याच पुडीवर भेटला नाई," ते म्हणाले. "ज्याचं पीक आपल्याकडे येत नाई ते मास्तर शिकवन."

मंग दुकान-दुकान खेळ. एका पोट्ट्यानं गिऱ्हाईक व्हाचं, एकानं माळी. नाव सांगाचं, रामराम कराचा, काय पाहिजे ते इचाराचं. माझ्या अंगणवाडीत एक पोट्टी वर्षभर तोंडातून शब्द काढत नव्हती. मी गाणे म्हटले, चित्रं दाखवले, गोळ्या दिल्या, पोट्टी ढिम्म. ती तिथी कमरेवर हात ठेवून सांगून राहिली होती, "घ्या ना ताई, आत्ताच तोडली! पाह्याले काय लागते?" खरं सांगते, मले जळण झाली. घरी येऊन मी नवऱ्यावर उगाच खेकसली.

एप्रिलात आमच्या पुऱ्याच्या मराठी शाळेत मेळावा ठरला. पहिलीत जाणाऱ्या लेकरानं सात टेबलं फिराची. कुठी उड्या माराच्या, कुठी रंग ओळखाचे, कुठी चित्र पाहून बोलाचं. एकेका टेबलावर जास्तीत जास्त तीन चांदण्या, त्या त्याच्या कार्डावर चिकटवून भेटतात. मी निमंत्रणाचा कागद घेऊन शालिकभाऊच्या घरी गेली तं तिथी वेगळंच सुरू होतं. प्रतीक्षा मेथी निवडून राहिली होती आन् तिचा चेहरा ताणलेला.

"मामाजी, मी सांगून टाकते," ती म्हणाली. "जूनपासून रागिणी इंग्रजी शाळेत जाईन. व्हॅन घरापुढं येते. सकाळी साडेसहाले."

"साडेसहाले गेली तं येईन कवा?"

"तीन वाजता."

शालिकभाऊनं बोटावर तास मोजले. मंग म्हणाले, "मंग मी दिवसभर काय करू?"

असं सरळ बोलले. मी तं तिथीच हो म्हटलं असतं. पण प्रतीक्षा माझ्यापेक्षा खमकी. अकोल्याची पोरगी, भावाचा पोरगा तिथी टाय लावून व्हॅननं जाते, ते ती दर सुट्टीत पाहून येते.

"मामाजी, तुमच्या करमणुकीसाठी पोरीचं नुकसान करू काय? दुकानात इंग्रजी बोलणाऱ्या बाया येतात. मी पन्नास साड्या उलगडून दाखवते, पण त्या इंग्रजीत काही बोलल्या का गप होते. माह्या पोरीनं गप नाई व्हायले पाहिजे."

आता यात तिचं काय चुकलं सांगा! मी दोघांच्या मधी निमंत्रण घेऊन उभी. शालिकभाऊनं तो कागद माझ्या हातातून घेतला, डोळ्याजवळ नेऊन वाचला आन् म्हणाले, "सात टेबलं, टेबलाले तीन चांदण्या. एकवीसच्या एकवीस आणल्या तं पोट्टी याच शाळेत. एक जरी कमी पडली तं व्हॅन. मंग मी तोंड उघडणार नाई."

"साधनाताई, तुमी साक्षीदार," प्रतीक्षा म्हणाली. काय बाप्पा, माझ्या कामाच्या यादीत हे पण काम!

त्या दिवसापासून शालिकभाऊ झपाटले. पोट्ट्याईले पडवीत उड्या माराले लावे, एका पायावर उभं करे, स्वतःही गुडघे धरून उभं राहाले जाये आन् पंचफुला येऊन धरे. रागिणीचं तं विचारूच नोका. तिले सगळे रंग येत, दिशा येत, पूर्ण नाव, बापाचं नाव, गाव, तालुका, जिल्हा येत. मी मनातल्या मनात म्हटलं, एकवीस पक्क्या.

मेळाव्याच्या दिवशी नऊ वाजताच ऊन डोक्यात घुसून राहिलं होतं. शाळेच्या व्हरांड्यात फुगे, रांगोळी, सात टेबलं. प्रतीक्षा अर्ध्या दिवसाची सुट्टी काढून आलेली. सातव्या टेबलावर, गणिताच्या, स्वतः हेडमास्तर सहदेव सर. हे चांदूर रेल्वेहून रोज गाडीनं येतात, बाप रेल्वेत कारकून, शिस्तीचे इतके का गाडी दोन मिनिटं लेट झाली तं स्वतःलेच रागावतात. त्याईनं मोजाले मणी आणाचे ठरवले होते, पण मण्याची डबी सापडेना. सगळे कपाट धुंडाळून राहिले. तं आमचे शालिकभाऊ मोठ्या मनानं म्हणाले, "सर, कायले परेशान होता? मी लिंबं आणून देतो." गेले आन् थैलीभर लिंबं आणून टेबलावर ओतली. ही लिंबंच नडली.

रागिणीनं सहा टेबलं झपाट्यानं मारली. प्रत्येक टेबलावर तीन. अठरा चांदण्या झाल्या. प्रतीक्षा लांबून बोटाईवर मोजे आन् मी पाह्यलं का हात खाली करे. पोरीचं कौतुक तिलेही होतंच, पण शर्त आड येत होती.

गणिताच्या टेबलाले रागिणीच्या आधी गोलूचा नंबर होता. सर म्हणाले, "बाळ, मला पाच लिंबं मोजून दे."

गोलूनं बाह्या वर केल्या. एकेक लिंबू उचलून सरापुढं ठेवत बोलला, "लाभ, दोन, तीन, चार, पाच." आन् मंग आणखी एक लिंबू उचलून त्या पाचावर ठेवलं. "आन् हे वरचं!"

सर म्हणाले, "नीट मोज." गोलूनं नीट मोजलं. "लाभ, दोन, तीन, चार, पाच. आन् वरचं!"

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. आमच्याकडे बाजारात माल मोजताना पहिल्याले कोणी 'एक' म्हणत नाई, 'लाभ' म्हणतात. शकुन असते तो. आन् मोजून झाल्यावर गिऱ्हाइकाले खुशीनं एक वर देतात. शालिकभाऊनं तीस वर्षं असंच मोजलं, लेकराईलेही लिंबं हातात देऊन असंच शिकवलं. माझ्या अंगणवाडीत मण्यावर हेच पोट्टे 'एक, दोन' बरोबर म्हणत. लिंबू हातात आलं का माळी होत. आन् मी? मी त्या पडवीत किती वेळा गेली! पण माझा बाप दर्यापूरकडचा शेतकरी, तूर मोजताना पहिल्या पायलीले 'लाभ'च म्हणे. माझ्या कानाले ते खटकलंच नाई. माझंही डोकं कुठी गहाण पडलं होतं कोणास ठाऊक!

शालिकभाऊचा चेहरा पांढरा पडला. तिकडे सर तापून राहिले होते. रागिणी पुढं आली. शालिकभाऊले राहवलं नाई. हर्राशीच्या आवाजात वरडले, "रागिणी! वरचं देऊ नोको!"

"पालकांनी बोलायचं नाही!" सर ओरडले.

रागिणीनं वळून आजोबाकडे पाह्यलं. तिले रागच आला. "आबाजी, गिऱ्हाईक आहे ना! तुमीच तं सांगतलं, वरचं द्या लागते!" आन् तिनं सरापुढं लिंबं मांडली. लाभ, दोन, तीन, चार, पाच. आन् सगळ्यात मोठं, पिवळंधम्मक लिंबू निवडून वर ठेवलं.

सर म्हणाले, "एक कुठं गेला?"

"लाभ म्हंजेच एक. पयल्याले एक म्हटलं तं धंदा एकावरच थांबते."

"बरं. मी किती मागितली?"

"पाच."

"तू किती दिली?"

"सहा."

"मग चुकलं ना?"

"नाई. पाच तुमची. एक वरचं."

"अगं, पण वरचं कशाला?"

"तुमी उद्या पण आमच्याकडंच याले पाहिजे ना, म्हणून."

सगळा व्हरांडा हसला. सरही हसले, पण लगेच गंभीर झाले आन् सूचनेचा कागद काढला. त्यात लिहिलेलं, मागितलेल्या संख्येइतक्या वस्तू अचूक देतो किंवा देते. त्याईनं मान हलवली. "मोजणं बरोबर, देणं चूक. दोन चांदण्या." आन् दोन चिकटवल्या. गोलूलेही दोनच.

माझा पारा चढला. मी पदर खोचून पुढं झाली. "सर, पोट्टीले पाच कळते, सहा कळते, पाचाचे सहा कसे होतात ते कळते, आणखी काय पाहिजे तुमाले?" सर म्हणाले, "साधनाबाई, मला कळतंय हो, पण कागद मी लिहिलेला नाही." मी आणखी दोन शब्द सुनवणारच होती, तं शालिकभाऊनं मले हातानं थांबवलं.

"राहू द्या बाई. सरनं बरोबर केलं. चूक माझी आहे, पोट्टीची नाई."

ज्या माणसानं तीस वर्षं मेथीच्या जुडीवरून लोकाईशी हुज्जत घातली, त्यानं आज एक शब्द वाढवला नाई. चालत चालत प्रतीक्षापुढं गेले. "वीस झाल्या. एक कमी. व्हॅनवाल्याले सांगून दे." इतकं बोलून पहिलीच्या पोट्ट्याईच्या बुटक्या बाकावर बसले आन् टोपी काढून मांडीवर ठेवली. मले रडू आलं. लपवून काय करू, आलं.

प्रतीक्षा जिंकली होती, पण जिंकल्यासारखी दिसत नव्हती. तेवढ्यात रागिणी कार्ड घेऊन आली आन् बोट ठेवून ठेवून मोजाले लागली. "लाभ, दोन, तीन..." असं करत वीसपर्यंत गेली. मंग कार्ड उलटून मागं पाह्यलं. मंग आईकडे पाह्यलं.

"आई, वीस झाल्या. वरची कुठी आहे?"

"कोणती वरची?"

"वरची व! सरनं दिलीच नाई." पोट्टी समजूतदारपणे म्हणाली, "जाऊ दे, सर नवे गिऱ्हाईक आहे."

आन् मंग पंचफुला बोलली. नशीब तिले तोंड आहे. "अहो सर, वरचं तं देत नाई, पण घेता बरोबर! ते मोठं लिंबू कुठी गेलं?"

सगळ्याईनं सराकडे पाह्यलं. सरच्या पांढऱ्या शर्टाच्या खिशात, पेनाच्या बाजूले, ते पिवळंधम्मक लिंबू फुगून बसलं होतं. बोलता बोलता कवा उचललं, त्याईचं त्याईले समजलं नव्हतं. सरचे कान लाल झाले. लिंबू काढून परत ठेवाले गेले तं रागिणी म्हणे, "राहू द्या सर, ते तुमचंच आहे."

प्रतीक्षा आता हसली. हसता हसता तिचे डोळे भरले. तिनं बाकावरच्या सासऱ्याकडे पाह्यलं, पोरीकडे पाह्यलं. मंग कपाळावरची लाल टिकली नखानं काढली आन् त्या कार्डावर, सातव्या टेबलापुढं, दोन चांदण्यांच्या बाजूले दाबून चिकटवली.

"घे. ही वरची."

शालिकभाऊ उठून उभे राहिले. गुडघ्याचंही भान नव्हतं त्याईले.

"पहिलीपुरतंच, मामाजी," प्रतीक्षा नाक पुसत म्हणाली. "दुसरीचं दुसरीत पाहू. आन् तुमच्या त्या पुड्यांवर मागून इंग्रजीत पण नाव असते. ते पण शिकवा."

"शिकवतो ना! बंद्या पुड्या उलट्या करून टांगतो! मले येत नाई, पण तू संध्याकाळी मले सांग, मी सकाळी पोट्ट्याईले सांगतो."

"आन् एकाले एक म्हणाचं. लाभ नाई."

"एकाले एक," शालिकभाऊनं कानाले हात लावला.

सरनं ते टिकलीवालं कार्ड तसंच फायलीत लावलं. सुपरवायझर म्याडम पुढच्या भेटीत मले इचारतीनच, हे काय होय म्हणून. इचारू द्या.

दुसऱ्या दिवशी आठ वाजता मी अंगणवाडीचं कुलूप उघडून राहिली होती. पडवीतून अकरा पोट्ट्याईचा आवाज आला. "एक, दोन, तीन, चार, पाच!" अगदी कागदात लिहिलं तसं. मले बरं वाटलं, आन् थोडं वाईटही वाटलं. मंग एक क्षण शांतता, आन् मंग सगळे मिळून बोंबलले, "आन् वरचं!"

"नोको म्हटलं ना, लेकहो!" शालिकभाऊ गरजले. जरा वेळानं, खालच्या आवाजात, "बरं, ठेवा एक."